ढवळणारीने चाखायचं नाही

२ सप्टेंबर

ठमे,

'प्रिय' लिहायचं राहून गेलं असं समजू नकोस. लिहिलं होतं, मग दुसरा कागद घेतला. इतक्या वर्षांनी एकदम 'प्रिय' वाचलंस तर तुला वाटेल, ताई अंथरुणाला खिळली. तसं काही नाही, मी ठणठणीत आहे. कामाचं विचारायचं आहे म्हणून लिहिते.

बेकरीच्या मागची आपली खोली अजून तशीच आहे. त्याच दोन शेगड्या, आईचं तेच जाड बुडाचं पातेलं, आणि फक्त तुझं ऐकणारी ती खिडकी. मी आता तिच्यात लाटणं अडकवून ठेवते. गेल्या आठवड्यात बेकरीवाला आला, स्टूलावर बसायला लागला, मी त्याला खुर्ची दिली. त्याच्या डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली आहे म्हणे, आणि दुकानात गिऱ्हाइकंही तेच विचारतात. तेव्हा यंदाचा क्रॅनबेरीचा सॉस त्याला पांढऱ्या साखरेशिवाय हवा आहे. संत्र्याचा रस चालेल, मध चालेल, खजूर चालेल. ताज्या फळांच्या पेट्या बाजारात उतरायच्या आत नमुना पसंत पडला तर काम माझं, नाहीतर तो कारखान्याच्या बाटल्या मागवणार. हे त्याने फार हळुवारपणे सांगितलं, पण सांगितलं हेच. बाकी सुटी गिऱ्हाइकं असून नसून सारखी. बेकरीचं काम गेलं तर ही खोली ठेवून मी काय करू, तिच्यात झोपू?

आता तू हसते आहेस ते मला इथून दिसतंय. हेच तू तेव्हा कानीकपाळी ओरडत होतीस आणि मी म्हणत होते, गिऱ्हाईक पळेल. त्यावरून काय काय बोलणं झालं ते उकरून काढायला मला वेळ नाही. तू पातेल्यावर झाकण आपटून गेलीस आणि दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागलीस, हे मावशीकडून कळलं. तेव्हाच मी म्हटलं, ही आता साखरेवर जन्मभर सूड उगवणार.

तर तू तेव्हा मध आणि खजूर घालून जे केलं होतंस, ते कसं केलं होतंस ते लिहून पाठव. खजूर उकडायचा की भिजवायचा? मध कधी घालायचा? संत्र्याची साल किती? माझ्याकडे गेल्या हंगामातलं गोठवलेलं फळ आहे, त्याच्यावर करून बघेन.

चाखायला हल्ली वरच्या मजल्यावरचे मास्तर येतात. जन्मभर भूगोल शिकवला, आता वेळ जात नाही. आईचा नियम मी मोडलेला नाही. ढवळणारीने चाखायचं नाही. वाफ घेऊन घेऊन तिची जीभ बधिर होते, म्हणून दाराजवळ लांब बसलेलीने उठून यायचं, चाखायचं आणि असेल ते सांगायचं. मी ढवळायचे, तू चाखायचीस. मास्तर बिचारे सगळ्यालाच छान म्हणतात.

उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल.

ताई


१३ सप्टेंबर

ठमे,

एका ओळीचं चालेल म्हटलं तर तू खरंच एक ओळ पाठवलीस. 'खजूर कोमट पाण्यात भिजवून वाट, मध खाली उतरवल्यावर, साल बेताची.' वर नाव नाही, खाली सही नाही. खोकल्याच्या औषधावर याहून जास्त मजकूर असतो. पण उलट टपाली पाठवलीस हे माझ्या लक्षात आलं आहे.

तू लिहिलंस तसंच केलं. फळ संत्र्याच्या रसात घालून मंद आचेवर ठेवलं. फळं तडतडून फुटायला लागली, मग हळूहळू आवाज थांबला. तेव्हा वाटलेला खजूर आणि किसलेली साल घातली, खाली उतरवलं, हात लावता येईल इतपत झाल्यावर मध. थंड बशीत थेंब टाकून मधोमध बोट फिरवलं तर रेघ तशीच राहिली, म्हणजे घट्टपणा बरोबर. दिसायलाही बरं होतं, जरा मळकट इतकंच.

मास्तर म्हणाले, छान. बेकरीवाल्याने चमचा तोंडात घातला आणि तो बाहेर काढायला त्याला जरा वेळच लागला. मग म्हणाला, बघू, अजून दिवस आहेत, आणि पाणी मागितलं. काय बिघडलं ते सांगा म्हटलं, तर म्हणे, छे छे, चांगलं आहे. मी पुन्हा विचारलं तर त्याला एकदम भट्टीची आठवण झाली.

इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा शेगडी पुसली, एकदा पुसलेलीच शेगडी पुन्हा पुसली. आता लिहूनच टाकते. बिघडलंय काय ते मला कळत नाही, कारण मला चव कळत नाही. कशाचीच.

उन्हाळ्यात ताप आला होता, साधा, सर्दीचा. ताप गेला आणि जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. आधी वाटलं, येईल दोन दिवसांत. चहात साखर घालायची विसरले असं वाटून मी घालतच गेले, तळाशी चिखल झाला तेव्हा थांबले. एकदा दूध करपून भांडं काळं झालं, मास्तर वरून धावत आले, आणि मी शेगडीकडे पाठ करून हातभर अंतरावर भाजी निवडत बसले होते. डॉक्टर म्हणतात, काहींची परत येते, काहींची येत नाही, वाट बघा. जेवायला बसते तेव्हा चावते, गिळते आणि उठते. मला फार वाईट वाटतं, ठमे. रडू येतं कधीकधी, आणि त्या अश्रूंचीसुद्धा खारट चव लागत नाही.

हे कोणालाही सांगितलेलं नाही. आईच्या नियमामुळे लपवणं सोपं गेलं, मी चाखत नाही यात कोणाला नवल वाटत नाही. साखरेचा सॉस माझे हातच करतात, तिथे जिभेचं काम पडत नव्हतं. हा नवा आहे आणि माझे हात याला ओळखत नाहीत.

'तुझ्या जिभेला साखरेशिवाय काही कळत नाही,' असं तू जाताना म्हणाली होतीस. आता तिला साखरही कळत नाही. पण म्हणून तुझी वाचा खरी झाली असं समजून उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस. तू एवढी मोठी लागून गेलेली नाहीस. तापाने झालंय.

सोबत बाटली पाठवते आहे, फडक्यात गुंडाळून. सगळे माझ्याशी इतकं गोड बोलतात की मला खरं काय ते कळायला मार्ग नाही. माझ्यावर चिडलेलं असं माणूस तूच एक उरली आहेस. चाखून बघ आणि कळव. एक शब्द पुरे.

ताई


२४ सप्टेंबर

ठमे,

पोस्टमनच्या देखत पाकीट फोडलं. 'कडू.' एवढंच. मी तिथे दारातच हसत सुटले, त्याला वाटलं लॉटरी लागली. किती दिवसांनी मला कोणीतरी सरळ वाईट बोललं.

आता कडू का, ते शोधायला मला अर्धा दिवस लागला. खजूर कडू नसतो. मध मी वरच्या मास्तरांना नुसता चाटवला, तो बरा निघाला. (छान म्हणाले, पण दुसऱ्यांदा बोट पुढे केलं, त्यावरून ठरवलं.) मग संत्रं घेतलं आणि नेहमीसारखं किसायला लागले, डोळे पातेल्याकडे. किसणीकडे मी कधी बघतच नाही. आणि हात थांबेचना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं साल किसताना थांबायचं कधी ते माझं नाक ठरवत होतं. केशरी साल आहे तोवर वास तिखट येतो, खालचं पांढरं लागलं की वास मरतो आणि हात आपोआप पुढच्या जागेवर सरकतो. आता वासच नाही म्हणून हात सरकला नाही. पांढरं सगळं किसून घातलं मी त्यात. कडू नाही होणार तर काय.

हे कोणी मला शिकवलं नव्हतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आता चष्मा लावून, किसणी डोळ्यांजवळ धरून किसते. शेजारीण बघून गेली, तिला वाटलं मी मोती ओवते आहे.

दुसरी बाटली पाठवते.

ताई


५ ऑक्टोबर

ठमे,

या वेळी दोन पानं. पहिल्या पानावर सॉस, दुसऱ्या पानावर मी. पहिलं पान मला फार आवडलं.

आधी त्याचं बोलते. कडूपणा गेला म्हणतेस, पण रंग चिखलाचा आणि सगळीकडे खजूरच खजूर, फळ आहे की नाही ते विचारावं लागतं. म्हणून आज खजूर निम्म्याहून कमी केला आणि तू म्हणतेस तसा थोडा सफरचंदाचा रस आटवून घातला. त्याने रंग उजळला. लिंबू पिळू का? तू लिहिलंयस की फळ आधीच आंबट आहे, पण संत्र्याच्या रसाने त्याची धार बोथट होते. मी अगदी थोडं पिळलं, शेवटी, मधाबरोबर. मध आधी घातला असता तर उकळीत त्याचा वास उडतो हे तू अधोरेखित करून लिहिलंस, पण बाई, मी तुझी मोठी बहीण आहे, मला एकदा सांगितलेलं कळतं.

आता दुसरं पान. चांगल्या डॉक्टरला दाखव. दाखवलं आहे. आणखी एकाला दाखव. दाखवीन. फोन का उचलत नाहीस? कारण फोनवर तुझ्या आणि माझ्या जिभेला हाड नसतं. कागदावर आपण बऱ्या वागतो. आणि 'त्या रागाच्या भरात मी जे बोलले ते' असं लिहून तू पुढचं खोडलं आहेस. खोडलंस ते बरं केलंस. मी पण तुझ्या मधाला चारचौघांत काढा म्हणाले होते. फिटंफाट. आता तो विषय पुन्हा काढलास तर पुढची बाटली तुला रिकामी येईल.

पण एक गोष्ट तू लिहिलीस ती माझ्या घशात अडकली आहे. बेकरीवाल्याला सांग, म्हणतेस. लपवून किती दिवस काढशील, एखादं पातेलं नासेल आणि तुला कळणारही नाही, लोकांच्या पोटात जायची वस्तू आहे. हे सगळं बरोबर आहे, म्हणूनच मला राग आला. जिला चव कळत नाही अशा बाईकडून सॉस कोण घेईल? मी तरी घेतला असता का? ज्या दिवशी सांगेन त्या दिवशी शेगड्या थंड. मग मी काय करू, मास्तरांकडून भूगोल शिकू?

बाजारात ताज्या फळांच्या पेट्या येत्या आठवड्यात उतरतील म्हणतात. बेकरीवाला काल दारातून डोकावला. पातेल्याकडे नजर टाकून गेला. ही तिसरी बाटली. बरी असेल तर बरी म्हण, नसेल तर नाही म्हण, पण लवकर. सांगायचं की नाही ते मी ठरवीन.

ताई


९ ऑक्टोबर

ठमे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण आज मला कोणाला तरी सांगायचं आहे.

मी बेकरीवाल्याला सांगितलं. तुझं ऐकून नाही. सकाळी दुधाची पिशवी उघडली, दूध न तापवताच कोऱ्या चहात ओतलं, कप मास्तरांना दिला. त्यांनी पहिला घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि छान म्हणून सगळा पिऊन टाकला. कप विसळायला घेतला तर तळाशी दूध फाटून गोळे झालेले. म्हातारा माझं मन राखायला नासका चहा प्यायला, ठमे. उद्या असंच कोणाचं पोर माझा सॉस पावाला लावून मुकाट्याने खाईल.

तशीच उठून बेकरीत गेले. तो पाव मोजून टोपलीत भरत होता. मी म्हटलं, मला उन्हाळ्यापासून चव कळत नाही, वासही येत नाही, तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याने टोपली खाली ठेवली. रागावला नाही. मग म्हणाला, तरीच. आणि मग विचार करतो म्हणाला.

खोलीत येऊन शेगड्या पुसून ठेवल्या. स्टूल पण पुसलं. ते दाराजवळच आहे, तू गेल्यापासून त्यावर कोणाला बसू दिलेलं नाही. मास्तरांनासुद्धा खुर्चीच देते. हे तुला सांगायचं नव्हतं.

मला तुझी फार आठवण येते.

ताई


१७ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

तुझं जाडजूड पाकीट आणि बेकरीवाला एकाच दिवशी आले. आधी तो आला, म्हणून आधी त्याचं सांगते.

खुर्चीत बसला. तिसऱ्या बाटलीच्या जोडीची एक बाटली मी मागे ठेवली होती, ती त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, कशी आहे ते मला माहीत नाही, बहिणीचं उत्तर यायचं आहे. त्याने चमचाभर घेतला. मग आणखी घेतला. मग कोपऱ्यातला पाव तोडून त्याला लावून खाल्ला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "इतके दिवस चाखत कोण होतं?"

"माझी बहीण."

"ती तर गेली ना इथून?"

"गेली. मी तिला टपालाने पाठवते."

त्याने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा थोडं खाल्लं. म्हणाला, "मग असं करा. प्रत्येक पातेल्यातली पहिली बाटली तिच्याकडे जाऊ दे. तिची चिठ्ठी आली की माल माझ्याकडे. तिने नको म्हटलं तर मला दाखवूही नका."

मी म्हटलं, ती फार फटकळ आहे. तो म्हणाला, तेच तर हवंय. आणि दूध, लोणी, असली नासणारी वस्तू या खोलीत येणार नाही असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. चहा आता मास्तरांकडे वर जाऊन प्यायचा. मास्तर खूश आहेत, त्यांचा चहा कसा होतो ते मला कळत नसल्यामुळे मी त्यांना छान म्हणते.

तर काम राहिलं. खोली राहिली. ताज्या फळांच्या पेट्या काल आल्या, लालभडक, दगडासारखी टणक फळं. मी एक जमिनीवर टाकून बघितलं, उसळलं. आई बघायची तसं.

आता तुझं पत्र. ते मी लगेच वाचलं नाही. नवीन फळांचं पहिलं पातेलं उतरेपर्यंत पदराला बांधल्यासारखं जवळ ठेवलं. तडतड ऐकून आच कमी केली, चष्मा लावून साल किसली, मध सगळ्यात शेवटी. मग वाटीत थोडं घेतलं, थंड होऊ दिलं, दाराजवळ गेले आणि तुझ्या स्टूलावर बसले. आज पहिल्यांदा. नियम मोडला असं म्हणू नकोस, चाखायला नाही बसले, वाचायला बसले.

तू लिहिलंस, 'आधी आंबट, इतकं की कानाखाली कळ येते आणि एक डोळा मिटतो.' मी एक चमचा घेतला आणि डोळा मिटला. 'मग संत्र्याची साल. लहानपणी तू साल दुमडून माझ्या डोळ्यांत तुषार उडवायचीस, अगदी तो वास.' उडवायचे खरी. 'खजूर मागून येतो, उशिरा, आणि आला की बसून राहतो.' दुसरा चमचा. 'लिंबू कुठे आहे ते सापडत नाही, पण सगळं त्यामुळे जागं आहे. मध वेगळा कळत नाही, पण नसता तर मी विचारलं असतं.' आणि खाली, 'ताई, हे आईच्यापेक्षा चांगलं झालंय, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही, तुला माहीत आहे मी कधी राखत नाही.'

मला माहीत आहे.

जिभेवर काहीच नव्हतं, गार आणि बुळबुळीत एवढंच. पण मी ओळीला एक चमचा या हिशोबाने सावकाश खात गेले आणि पत्र संपलं तेव्हा वाटी चाटूनपुसून साफ झाली होती. तापानंतर मी पहिल्यांदा काहीतरी खाल्लं. बाकी सगळं नुसतं गिळत होते.

येतेस का असं मी विचारणार नाही, तुझी नोकरी आहे, तिथले लोक तुझ्याशिवाय तोंड उघडत नसतील. स्टूल पुसून जागेवर ठेवलं आहे, एवढं कळवते. खिडकीही तुझी वाट बघून अडून बसली आहे.

आजच्या पातेल्यातली बाटली सोबत पाठवते आहे, तिची जोडीची माझ्याकडे ठेवली आहे. बेकरीवाल्याला तुझा एक शब्द पुरेल, तो वेगळ्या चिठ्ठीवर लिही. मला 'बरी आहे' म्हणून वाटेला लावू नकोस. सविस्तर लिही, दोन पानं तरी लिही. मी वाटी भरून घेतल्याशिवाय पाकीट उघडणार नाही.

तुझी
ताई